हुकूम कोणी दिला? विद्यापीठाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सदस्य,

याआधी तुम्हाला मी तीन पत्रं इंग्रजीतून पाठवली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं ते छापील होतं आणि त्यात माझ्या मुलीचं आडनाव चुकलं होतं. तिसऱ्यानंतर गेल्या महिन्यात तुमच्या सचिवांनी कळवलं, की 2024 च्या एप्रिलमध्ये कॅम्पसवर जे घडलं त्याचं अंतर्गत परीक्षण पूर्ण झालं आहे, अहवाल जाहीर होणार नाही आणि मंडळाच्या दृष्टीनं हा विषय संपला आहे.

माझ्या दृष्टीनं तो संपलेला नाही. म्हणून हे चौथं पत्र सगळ्यांसमोर, माझ्या भाषेत लिहिते आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर तुम्हाला पोस्टानं येईल. मराठीत लिहायचं कारण असं, की तुमच्या प्रवेश विभागाचे लोक पुण्या-मुंबईत येऊन मेळावे भरवतात. तिथे येणारे आईबाप राहतं घर तारण ठेवून, मोठं कर्ज काढून मुलांना तुमच्याकडे पाठवतात. मुलगी तिथे सुरक्षित राहील ना, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्या प्रश्नाचं तुमच्याकडून न मिळणारं अर्धं उत्तर त्यांनाही वाचता यावं.

मी मूळची नंदुरबारची. अमेरिकेत ओहायो राज्यात आले त्याला 26 वर्षं झाली. हातांची फिजिओथेरपिस्ट आहे. कारखान्यात बोटं चिरडलेले कामगार, नस दबलेल्या टायपिस्ट, पडून मनगट मोडलेल्या आज्या, असे हात मी रोज हातात घेते. हे सांगायचं कारण पुढे येईल.

माझी लेक तुमच्याकडे तिसऱ्या वर्षाला होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर मुलांनी तंबू ठोकले. गाझातलं युद्ध थांबावं आणि विद्यापीठाच्या निधीतला पैसा शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांमधून काढून घ्यावा, या त्यांच्या मागण्या होत्या. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं इस्राएलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, हे त्या मुलांना माहीत होतं. एप्रिल संपेपर्यंत गाझातल्या आरोग्य खात्याच्या मोजणीत तिथल्या मृतांचा आकडा 34,000 च्या वर गेला होता, हेही माहीत होतं. तंबूंमध्ये ज्यू मुलं होती. त्यांनी वल्हांडणाचं जेवण तिथेच हिरवळीवर केलं, आणि माझ्या लेकीनं त्या रात्री मला फोटो पाठवला होता. जमिनीवर चादर, कागदी ताटल्या, मधे मेणबत्त्या.

त्या फोटोला मी काय उत्तर दिलं ते लिहिते. “आपण शिकायला आलोय, उगाच भानगडीत पडू नकोस.” आमच्या पिढीतल्या हजारो आईबापांनी हे वाक्य आपल्या मुलांना सांगितलं आहे. ते मी सांगितलं याची मला आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास पोलीस आले. कॅम्पसचे कमी, बाहेरचे जास्त, हेल्मेट आणि ढाली घेऊन. भोंग्यावरून निघून जायला सांगितलं, पण झोपेतून उठलेल्या मुलांना बूट घालायलाही वेळ मिळाला नाही. लेक आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या हातांत हात अडकवून बसल्या होत्या. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. हे तुमच्याच कॅमेऱ्यांत आहे, आणि ते चित्रीकरण आम्ही मागितलं तर तुम्ही दिलं नाहीत. तिला पालथं पाडलं, पाठीत गुडघा रोवला आणि हात मागे ओढून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधले. वायरी एकत्र बांधायला वापरतात तसली ही पट्टी. एकदा ओढली की सैल होत नाही, कापावीच लागते. ती पाच तास कापली गेली नाही. बसमध्ये तिनं तीनदा सांगितलं, की उजव्या हाताला मुंग्या येताहेत. पहिल्यांदा “थांब” म्हणाले, दुसऱ्यांदा काहीच नाही, तिसऱ्यांदा हसले.

तीन तास गाडी चालवून मी तिला आणायला गेले. त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी तिचा हात माझ्यासमोर घेतला. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीच्या अगदी लगत एक बारीक नस जाते. ती काही हलवत नाही, फक्त स्पर्श कळवते. घट्ट पट्टा तिच्यावर तासन्‌तास राहिला, की अंगठ्याची पाठ बधिर होते. माझ्या पिशवीत नायलॉनचे धागे असतात, वेगवेगळ्या जाडीचे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, धागा कातडीवर टेकवायचा आणि स्पर्श कळला की त्यानं “हो” म्हणायचं. लेकीनं डोळे मिटले. करंगळीवर हो. मधल्या बोटावर हो. अंगठ्याच्या पाठीवर मी सगळ्यात बारीक धागा टेकवला, मग त्याहून जाड, मग त्याहून जाड. ती डोळे मिटून वाट बघत बसली होती. शेवटी म्हणाली, “आई, सुरू कर ना.”

मी सुरू करून दोन मिनिटं झाली होती.

नंदुरबारहून माझ्या आईचा फोन आला. ती 81 वर्षांची आहे. तिनं विचारलं, “पोलिसांनी हात बांधले? तिनं काय केलं होतं?” मी म्हटलं, बसली होती. “नुसती बसली होती?” हो, नुसती बसली होती. मग आई बराच वेळ काही बोलली नाही.

ती का गप्प झाली, हे नंदुरबारच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या गावात 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार 15 वर्षांचा होता. आम्हाला शाळेतून दर वर्षी त्या दिवशी त्याच्या स्मारकापाशी नेत, आणि मुलांवर हात टाकतं ते परक्यांचं राज्य, एवढं आमच्या मनात तेव्हापासून पक्कं होतं. तुमच्या हिरवळीवर गोळी चालली नाही, हे मला समजतं. दोन्ही प्रसंग एका तागडीत घालत नाही. पण आपल्याच विद्यापीठानं, जिथली फी मी अकरा हप्त्यांत भरली, आपल्याच विद्यार्थ्यांवर बाहेरून माणसं बोलवावीत, हे माझ्या आईच्या डोक्यात बसेना. माझ्याही बसत नाही.

माझ्या घरापासून केंट गाव पाऊण तासावर आहे. केंट स्टेट विद्यापीठ तिथे आहे. ओहायोत राहायला आल्यावर कित्येक वर्षं मी तिथे गेले नव्हते. लेकीच्या हाताचं झालं त्यानंतर पहिल्यांदा गेले आणि मग जात राहिले. तिथे काय घडलं ते तुम्हाला माहीतच असेल, पण मराठी वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. 30 एप्रिल 1970 ला अध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवर जाहीर केलं, की अमेरिकन सैन्य कंबोडियात घुसतं आहे. व्हिएतनामचं युद्ध आवरतं घेण्याऐवजी ते वाढतं आहे म्हणून देशभर मुलं उठली. केंटमध्ये शुक्रवारी रात्री गावात काचा फुटल्या, शनिवारी रात्री कॅम्पसवरची लष्करी प्रशिक्षणाची लाकडी इमारत जळाली. महापौरांनी नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याला, बोलावलं. रविवारी गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स पत्रकारांसमोर टेबल बडवत म्हणाले, की ही मुलं नाझींच्या तपकिरी गणवेशवाल्या टोळ्यांपेक्षाही वाईट आहेत. विद्यापीठानं 12,000 पत्रकं छापून वाटली, की सोमवारची सभा बेकायदा आहे. तरी सोमवारी, 4 मे ला, दुपारी मुलं जमली. अश्रुधूर सुटला, सैनिक टेकडी चढून पलीकडच्या मैदानात उतरले, परत टेकडीच्या माथ्यावर आले आणि 12 वाजून 24 मिनिटांनी वळून त्यांनी गोळीबार केला. 28 जणांनी, 13 सेकंदांत, 61 ते 67 गोळ्या.

चार मुलं मेली. अॅलिसन क्राउस, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर, विल्यम श्रोडर. वयं 19 आणि 20. त्यांतला सैनिकांच्या सगळ्यात जवळचा जेफ्री मिलरही 80 मीटर लांब होता. सँड्रा वर्गात चालली होती. विल्यम स्वतः लष्करी प्रशिक्षणाचा विद्यार्थी होता. नऊ जखमी झाले. त्यांतला डीन केलर जमिनीवर पालथा पडलेला असताना त्याला गोळी लागली आणि तो कमरेखाली कायमचा लुळा झाला.

तिथे टेलर हॉलजवळ पोलादी पत्र्यांचं एक शिल्प उभं आहे. एक गोळी त्याच्या आरपार गेली. ते भोक अजून आहे, बुजवलेलं नाही. मुलं त्याच्याभोवती खडूनं काहीबाही लिहून जातात. माझी करंगळी त्यात जाते. खाली उतरलं की गाड्या लावायची जागा आहे, आणि तिथे चार जागा खांब आणि दिवे लावून राखलेल्या आहेत. त्या चार जागांवर कोणी गाडी लावत नाही. मी तिथे उभी राहून 13 सेकंद मोजले. एक, दोन, तीन, चार असे मनात मराठीत. फार लांब असतात हो ते. एकाला चूक कळली असती तर थांबायला पुष्कळ वेळ होता.

पण मला तिथे सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच आहे. गोळी झाडायचा हुकूम कोणी दिला, हे आजपर्यंत ठरलेलं नाही. निक्सन यांनी नेमलेल्या स्क्रँटन आयोगानं त्याच वर्षी गोळीबाराला अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य म्हटलं. 1974 मध्ये आठ सैनिकांवर खटला उभा राहिला आणि न्यायाधीशांनी तो मधेच काढून टाकला. 1979 मध्ये दिवाणी दाव्याच्या तडजोडीत जखमींना आणि मेलेल्यांच्या घरच्यांना मिळून 6,75,000 डॉलर देण्यात आले आणि दाव्यातल्या 28 प्रतिवादींच्या सहीचं एक निवेदन आलं, की मागे वळून पाहता हे घडायला नको होतं. वसतिगृहाच्या खिडकीत एका विद्यार्थ्यानं केलेलं ध्वनिमुद्रण होतं. त्यात हुकूम ऐकू येतो का यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला, आणि 2012 मध्ये न्याय खात्यानं नव्यानं तपास करायला नकार दिला. चार आईबापांच्या घरी एकच प्रश्न आला आणि उत्तर न मिळता तिथेच राहिला. (आणि केंटचं नाव निदान घेतलं तरी जातं. त्यानंतर अकराच दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्यांचा वर्षाव केला. फिलिप गिब्ज आणि जेम्स अर्ल ग्रीन गेले, बाराजण जखमी झाले. ती नावं किती जणांना ठाऊक आहेत?)

म्हणून तुम्हालाही माझा पहिला प्रश्न तोच आहे. त्या पहाटे पोलीस बोलवायचा हुकूम कोणी दिला? तुमच्या पत्रात लिहिलं आहे, की “निर्णय घेण्यात आला”. कोणी घेतला? विद्यापीठाच्या अध्यक्षांनी, विश्वस्तांच्या अध्यक्षांनी, एखाद्या देणगीदाराच्या फोनवरून, की राज्याच्या राजधानीतून? वार कोणता, वेळ किती, समोर कोणती माहिती होती? बसलेल्या मुलांना हलवायला हेल्मेट-ढालींची एवढी फौज लागेल असं कोणाला वाटलं? प्रत्येक निर्णयामागे एक माणूस असतो, आणि मला त्या माणसाचं नाव हवं आहे.

माझ्या बाकीच्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

नियम रातोरात बदलला गेला. रात्री सव्वानऊला सगळ्यांना ईमेल गेला, की आजपासून हिरवळीवर तंबू चालणार नाहीत, आणि पहाटे त्या नियमावर अटका झाल्या. असं करणारे तुम्ही एकटे नाही. ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात डन मेडो हे मैदान 1969 पासून सभा-निदर्शनांसाठी राखलेलं होतं. तिथे 24 एप्रिल 2024 ला एका घाईघाईच्या समितीनं नियम बदलला, 25 तारखेला राज्य पोलीस आले आणि छतावर नेमबाज होता हेही नंतर मान्य करावं लागलं. त्याच दिवशी इथे ओहायो स्टेटमध्ये विद्यार्थी संघाच्या इमारतीवर लांब पल्ल्याच्या बंदुका घेतलेले पोलीस होते. स्क्रँटन आयोगानं 1970 मध्येच लिहून ठेवलं होतं, की आंदोलक विद्यार्थ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या सैनिकांच्या हातात सरसकट भरलेल्या बंदुका देण्याची ही शेवटची वेळ ठरली पाहिजे. तो अहवाल तुमच्या ग्रंथालयात आहे. ज्या हिरवळीवर माझी लेक पालथी पाडली गेली, तिथून शंभर पावलांवर.

दुसरी तक्रार संरक्षणाची. मुलं घाबरली आहेत, म्हणून पोलीस बोलावले, असं तुम्ही म्हणता. एखाद्या ज्यू मुलाला कोणी धमकावलं असेल, त्याची वाट अडवली असेल, तर धमकावणाऱ्याला शोधा, त्याच्यावर कारवाई करा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. धमकी दिलेला एक आणि गप्प बसलेले नव्वद यांना एकाच दोरीनं बांधणं हे संरक्षण नव्हे. लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात 30 एप्रिलच्या रात्री तोंडं झाकलेल्या जमावानं तंबूंतल्या मुलांवर काठ्या आणि फटाके घेऊन हल्ला केला, तेव्हा तासन्‌तास पोलीस मधे पडले नाहीत. तेच पोलीस 2 मे च्या पहाटे तंबू उठवायला मात्र वेळेवर आले आणि दोनशेहून जास्त मुलांना घेऊन गेले. त्या वसंतात देशभर तीन हजारांच्या वर अटका झाल्या. ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात 24 एप्रिलला धरलेल्या 57 जणांवरचे आरोप तर काही दिवसांतच सरकारी वकिलांनी मागे घेतले, कारण ते टिकणारे नव्हते. माझ्या लेकीवरचा आरोपही सात महिन्यांनी मागे घेतला गेला. मग त्या पहाटे नक्की कोणता गुन्हा घडत होता?

तिसरी, शिस्तभंगाची कारवाई. कोर्टानं सोडलेल्या मुलांना तुम्ही सोडलं नाहीत. लेकीची पदवी चार महिने अडकवून ठेवली. सुनावणीत तीन प्रौढ माणसं समोर बसली होती आणि तिला वकील आणायची परवानगी नव्हती. तिनं फक्त माफीनामा लिहून द्यावा असं सुचवण्यात आलं. तिनं दिला नाही. मला त्याचा अभिमान आहे.

आणि तिची खोलीतली मैत्रीण. नाशिकची आहे, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आली, नाव लिहीत नाही. तिला अटक झाली नव्हती, ती फक्त पाण्याच्या बाटल्या पोचवत होती. पण तिचं नाव तुमच्या यादीत गेलं. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभरातल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या इथे राहून शिकण्याच्या परवानगीच्या सरकारी नोंदी कारण न सांगता रद्द झाल्या. मुलं कोर्टात गेली तेव्हा त्या पुन्हा चालू झाल्या. त्या दिवसांत ती मुलगी रोज सकाळी उठून आधी आपली नोंद तपासायची, मग दात घासायची. गेल्या उन्हाळ्यात ती सख्ख्या बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेली नाही. परत येऊ देतील याची खात्री नव्हती. हळदीच्या दिवशी ती माझ्या घरी होती, फोनवर हळद बघत. तुमच्या यादीत पाणी देणाऱ्या मुलीचं नाव कशासाठी होतं आणि ती यादी पुढे कोणाच्या हातात गेली, याचं उत्तर तिलाही हवं आहे. ती ते विचारू शकत नाही म्हणून मी विचारते.

पोलीस बोलावल्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता, असं तुमच्या पत्रात आहे. ते खरं नाही. त्याच आठवड्यात नॉर्थवेस्टर्न आणि ब्राउन या विद्यापीठांनी मुलांशी बसून बोलणी केली आणि तंबू उठले. ब्राउनमध्ये गुंतवणुकीचा प्रश्न मंडळासमोर मताला घ्यायचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये मत विरुद्ध गेलं, मुलं हरली, पण त्या तंबूंवर कोणाचं मनगट बांधावं लागलं नाही. आणि जुनं उदाहरण हवं असेल तर केंटचंच घ्या. गोळीबारानंतर शेकडो मुलं तिथेच बसून राहिली, उठेनात. सैनिक पुन्हा चालून येणार होते. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन फ्रँक रडत मधे उभे राहिले, मुलांची विनवणी केली, की उठा, नाहीतर इथे कत्तल होईल. मुलं उठली. हत्यार नसलेला एक मास्तर जे करू शकला, त्यासाठी तुमच्याकडे त्या चार दिवसांत एकाही माणसाला पाठवायला फुरसत झाली नाही. लेकीचे दोन प्राध्यापक आपण होऊन तंबूंत येऊन बसत होते. त्यांनाही तुम्ही नोटिसा काढल्यात.

आता मागण्या.

त्या पहाटेचा हुकूम कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर दिला, याची कागदपत्रं जाहीर करा, नावांसकट.

अंतर्गत परीक्षण पुरेसं नाही. निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली बाहेरची चौकशी नेमा, तीत विद्यार्थी आणि प्राध्यापक घ्या आणि अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध करा. हे जगावेगळं मागणं नाही. 18 नोव्हेंबर 2011 ला डेव्हिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात जमिनीवर बसलेल्या मुलांच्या तोंडावर मिरीचा फवारा मारला गेला. तिथे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या समितीनं पाच महिन्यांत अहवाल काढला. हे टाळता आलं असतं आणि टाळायला हवं होतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं, आणि कोण कुठे चुकलं तेही लिहिलं. पुढे विद्यापीठानं 21 विद्यार्थ्यांशी दहा लाख डॉलरची तडजोड केली. पाच महिन्यांत जे तिथे झालं ते तुमच्याकडे दोन वर्षं होत आली तरी का होत नाही?

लेखी नियम करा, की शांतपणे बसलेल्या माणसांवर बाहेरचं पोलीस दल आणलं जाणार नाही, बोलणी करणाऱ्यांनी हात टेकल्याचं लिहून दिल्याशिवाय तर नाहीच. कॅम्पसच्या छतांवर बंदूकधारी नकोत. कोणाचे हात बांधायची वेळ आलीच तर पट्टी आणि मनगट यांत बोट जाईल एवढी जागा ठेवायची, कापायची कात्री जवळ ठेवायची, मुंग्या येतात म्हणणाऱ्याची पट्टी तिथल्या तिथे कापायची आणि वैद्यकीय माणूस हजर हवा. हे मी माझ्या धंद्यातलं म्हणून सांगते. दबलेली नस पाचव्या मिनिटाला सोडवली तर वाचते. पाच तासांनी सोडवून काय करायचं?

सभा-निदर्शनांचे नियम शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या संमतीनं ठरवा आणि वर्षाच्या मधे बदलू नका. नव्या नियमात आधी परवानगी घ्यायची जी अट घातली आहे ती काढा. युद्ध परवानगी घेऊन वाढत नाही.

सर्व विद्यार्थ्यांवरची आणि त्या दोन प्राध्यापकांवरची शिस्तभंगाची कारवाई मागे घ्या आणि त्यांच्या नोंदींतून काढून टाका. तयार केलेल्या याद्या कोणाला दिल्या ते सांगा, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कोणालाही देणार नाही असं लेखी द्या. आणि निधीचा पैसा कोणत्या कंपन्यांत आहे, एवढं तरी उघड करा. मुलांची मूळ मागणी तीच होती, आणि तिच्याबद्दल तुमच्या दोन्ही पत्रांत, ईमेलमध्ये, निवेदनांत एक ओळ नाही.

केंटच्या गोळीबारानंतर गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं लोकांना विचारलं, दोष कोणाचा. 58 टक्के लोक म्हणाले विद्यार्थ्यांचा, 11 टक्के म्हणाले सैनिकांचा. मेलेल्या मुलांच्या आईबापांना अशी पत्रं आली, की बरं झालं. आज त्याच टेकडीच्या उतारावर 58,175 डॅफोडिल लावलेली आहेत, व्हिएतनाममध्ये मेलेल्या प्रत्येक अमेरिकन सैनिकामागे एक, आणि ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे. आजचा बहुमताचा कौल तुमच्या बाजूनं आहे, हे मला दिसतं. आमच्याच मराठी मंडळातले कितीतरी लोक मला म्हणाले, पोरीला आवरायला हवं होतंस. ते माझे लोक आहेत, त्यांच्या मुलाबाळांच्या काळजीपोटीच ते बोलतात. त्यांच्याशी मी बोलत राहीन. पण उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

लेकीच्या अंगठ्याची संवेदना हळूहळू परत आली. जाड धागा तिसऱ्या महिन्यात कळायला लागला. सगळ्यात बारीक धागा अजून कळत नाही. दर रविवारी ती घरी आली की टेबलाशी बसून हात पुढे करते आणि डोळे मिटते.

30 एप्रिलपर्यंत मला लेखी उत्तर हवं आहे, सही केलेलं, “घेण्यात आला” हे शब्द नसलेलं. 4 मे ला दुपारी 12 वाजून 24 मिनिटांनी केंटच्या हिरवळीवर घंटा वाजवतात, तेव्हा मी आणि माझी लेक तिथे असू. उत्तर आलं असेल तर ते सोबत आणीन आणि नाशिकच्या त्या मुलीला फोनवरून वाचून दाखवीन. आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पाचवं पत्र टाकेन.

आपली,
तुमच्या एका माजी विद्यार्थिनीची आई
ओहायो